डोंगर आला नाही

देवावरचा माझा विश्वास एका पावसाळ्यात तुटला होता, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. माझ्याबरोबर भजनाला बसणाऱ्या बायकांनाही नाही. त्यांना वाटतं, मालक गेले तेव्हा मी मोठ्या धीराची होते. मी धीराची नव्हते. मी देवाशी बोलणं टाकलं होतं.

आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेला, डोंगराच्या पोटाशी आमची वाडी. त्या वर्षी पाऊस आठवडाभर उघडला नव्हता आणि घरांच्या वरच्या उतारावर जमिनीला लांब भेग पडली होती. एके सकाळी तलाठी भाऊसाहेब आले, छत्री मिटून ओट्यावर उभे राहिले आणि म्हणाले, "मावशी, दुपारच्या आत वाडी रिकामी करायचीय. खालच्या गावच्या शाळेत सोय केलीय." अंगावरून वारं गेल्यापासून माझे मालक दोन वर्षं अंथरुणाला खिळले होते. उजवी बाजू लुळी, बोलणं जड, पण समजत सगळं होतं. त्यांनी डाव्या हातानं माझा पदर धरला. "मला न्हाई यायचं," ते म्हणाले. "मी हितंच मरणार. तू जा."

मी त्यांचं ऐकलं नाही. भाऊसाहेबांबरोबर आलेल्या चौघांनी त्यांना घोंगडीच्या झोळीत घातलं, झोळी बांबूला बांधली आणि चिखलातून खाली उतरवली. सबंध वाट त्यांनी डोळे उघडले नाहीत. मी औषधं घेतली, रेशनकार्ड घेतलं, कोरडे कपडे घेतले. देव्हाऱ्यातला खंडोबाचा टाक आणि भंडाऱ्याची वाटी मात्र घरातच राहिली. हे ध्यानात आलं तेव्हा आम्ही शाळेत पोहोचलो होतो आणि वाडीकडे परत जायला बंदी झाली होती.

तिसरीच्या वर्गात आम्हाला जागा मिळाली. एका खोलीत पाच कुटुंबं, दोरीवर ओले कपडे, भिंतीवर पाढे. शाळेत पोरांचा आहार शिजवणारी विमलताई आता आमच्यासाठी रांधत होती. ती खालच्या गावातल्या बौद्ध वस्तीतली. आमच्या घरी त्या वस्तीतलं पाणी चालत नसे. सासूबाईंनी पाळलं, म्हणून मीही पाळलं. का, ते कधी विचारलं नाही. ती चहा घेऊन आली तेव्हा मी म्हणाले, "नगं, उपास हाय." उपास नव्हता. तिला ते कळलं असावं. तिनं मालकांना बशीतून चहा पाजला, त्यांची हनुवटी पुसली आणि पुढच्या माणसाकडे गेली. मी बघत राहिले, पण तिला अडवलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांना धाप लागली. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरीणबाई पावसात भिजत आल्या. छातीत कफ साठलाय, मंचरला न्यायला हवं, म्हणाल्या. पण वळणावर दरड पडली होती आणि रस्ता मोकळा होईपर्यंत कोणतीच गाडी निघणार नव्हती. लेक बोरी बुद्रुकला दिलेली. तिला फोन लावला तर नुसतं रडणं ऐकू येई, तेही तुटक तुटक.

तिसरा दिवस रविवार होता. रविवारी कपाळाला भंडारा लागल्याशिवाय मालक पाणीही घेत नसत. दुखण्यातसुद्धा तो नेम मी चुकवला नव्हता. त्या दुपारी ते सारखा डावा हात कपाळाकडे नेत होते आणि माझ्याकडे बघत होते. मला ते बघवेना. मी व्हरांड्यात गेले आणि मनात म्हणाले, 'मल्हारीराया, या माणसानं जन्मभर तुझं नाव घेतलं. त्याला चिमूटभर भंडारा द्यायला तुला होत नाही? मग तू देव कशाचा?'

विमलताई तांदूळ निवडत होती. ती उठून आली. "काय झालं, वैनी?"

"त्यांना भंडारा पायजे. घरी ऱ्हायला."

"भंडारा म्हंजी हळदच ना?" ती म्हणाली. "मग हाय की!"

ती कागदावर हळद घेऊन आली. माझ्या बोटांतून ती सांडायला लागली. "तुमीच लावा," मी म्हणाले.

ती थबकली. "वैनी, आमी देव मानत न्हाई. चालंल?"

मी मान डोलावली. तिनं त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि अंगठ्यानं कपाळभर हळद लावली. मालकांनी डोळे उघडले. कष्टानं म्हणाले, "येळकोट… येळकोट…" याचं उत्तर आमच्याकडे प्रत्येकाला ठाऊक असतं. "जय मल्हार, दादा," विमलताई म्हणाली. मग त्यांनी पाणी मागितलं. तिनंच दोन चमचे पाजलं. धाप संथ होत गेली आणि दिवस मावळायच्या आत ते गेले.

पुढे पाऊस उघडला, आम्हाला घरी जाऊ दिलं. भेग होती तेवढीच होती. डोंगर आला नाही. घराचं एक कौलसुद्धा हललं नव्हतं. मला तेच सोसेना. डोंगर आला असता तर मनाला सांगता आलं असतं की मी त्यांना वाचवायला नेलं. आता वाटायचं, आपल्या घरात, आपल्या देवापुढं मरायचं एवढंच त्यांनी मागितलं होतं, तेही मी हिसकावून घेतलं. मी देव्हाऱ्यात रोज दिवा लावत राहिले, पण देवाशी एक शब्द बोलले नाही.

दिवाळी सरल्यावर मी विमलताईच्या घरी गेले. त्या उंबऱ्याच्या आत मी पहिल्यांदाच पाऊल टाकत होते. मनातलं सगळं तिला सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "डोंगर येनार न्हाई, हे तवा कुनाला ठावं व्हतं? तुमी त्यांना जगवायला न्हेलं, वैनी." थोड्या वेळानं तिनं विचारलं, "त्यांचं नाव काय व्हतं वो? मी आपली नुसती दादाच म्हनत व्हते."

आमच्या वयाच्या बायका नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नाहीत. मी घेतलं. "सखाराम," म्हणाले, आणि शाळेत आलं नव्हतं ते रडू तिथं आलं. विमलताईनं मला रडू दिलं.

त्या संध्याकाळी दिवा लावून मी देवाशी पुन्हा बोलले. तक्रार उरली नव्हती, मागायचंही काही नव्हतं. एवढंच म्हणाले, 'देवा, माणूस तुझा होता, तू नेलास. त्याच्या उशाशी शेवटी कुणाला बसवायचं, हे मला विचारलं नाहीस, ते बरं केलंस. विचारलं असतंस, तर मी नको म्हणाले असते.'