चांगला हा वास नव्हे

"वास आला का?"

नमस्कार नाही, या-बसा नाही. समोरच्या ब्लॉकचं दार उघडायचं, एका हातात वाफाळती पळी, खाली थेंब पडू नये म्हणून दुसरा हात, आणि पळी थेट माझ्या नाकाखाली. "कसला आला? पटकन सांगा, निवायच्या आत."

"चांगला येतोय," मी म्हणायचो.

"चांगला हा वास नव्हे, भाऊ. तो अभिप्राय झाला."

आणि पळी घेऊन त्या आत. दार आपटल्याचा आवाज जिन्यात घुमत राहायचा.

तुमच्यापैकी कुणी रविवारची पुरवणी शेवटच्या पानापासून वाचत असेल, तर तुम्हीही त्यांना ओळखत असाल. खाण्याबद्दल त्या वर्षानुवर्षं लिहीत होत्या. फोटोही स्वतःच काढायच्या. मावळातल्या स्वयंपाकावर पुस्तक करायचं म्हणून गणपती उठल्यावर पुण्याहून लोणावळ्याला आल्या आणि आमच्यासमोरचा रिकामा ब्लॉक त्यांनी महिन्याभरासाठी घेतला. दसऱ्याच्या आत सगळं रांधून, टिपून, लिहून संपादिकेच्या हाती द्यायचं होतं. सोबत सामान म्हणजे दोन कॅमेरे, ते उभे करायची तिकाटणी, ताटावर उजेड पाडायला थर्माकोलचे तुकडे आणि एक जडशीळ बिडाचा तवा.

दुसऱ्याच दिवशी चहाला आल्या तेव्हा त्यांनी माझ्या बायकोला सरळ सांगून टाकलं. मागच्या वर्षी मोठा ताप आला होता. ताप गेला, जाताना वास घेऊन गेला. "जिभेला खारट, आंबट, गोड कळतं. बाकी सगळा पुठ्ठा," त्या म्हणाल्या. "डॉक्टर म्हणतात, येईल. कधी ते त्यांनाही ठाऊक नाही."

"मग पुस्तक?" बायकोने विचारलं. ती शाळेत शिक्षिका आहे. समोरच्याला अडचणीत टाकणारा प्रश्न ती फार शांतपणे विचारते.

"पुस्तक कबूल केलं तेव्हा नाक होतं. संपादिकेला अजून माहीत नाही. आता आठवणीवर लिहायचं, आणि तुमच्या नाकांवर."

आमची नाकं म्हणजे काय, तर त्यातलं एक माझं. आमचं चिक्कीचं दुकान आहे आणि मागेच भट्टी. सकाळपासून गुळाच्या पाकाजवळ उभा राहणारा माणूस संध्याकाळी कुठला बारकावा हुंगणार? एकदा त्यांनी आमटी पुढे केली. मी डोळे मिटून, अगदी मन लावून वास घेतला आणि म्हणालो, "थोडा गुळाचा."

"गूळ घातलेलाच नाही!"

त्यानंतर मी आंघोळ करून आल्याशिवाय त्या मला पळी दाखवेनात.

बायको बरी होती. हुलग्याच्या पिठल्याला ती म्हणाली, "धुऊन उन्हात टाकलेल्या गोणपाटासारखा येतोय." त्या केवढ्या खूश झाल्या! "अगदी असंच हवं होतं," म्हणाल्या. पण पुढच्याच क्षणी चेहरा उतरला. पिठल्याकडे बघत म्हणाल्या, "हे मला सुचायला हवं होतं हो."

त्यात उजेडाची बोंब. पावसाळा सरत आला तरी आमच्याकडे धुकं काही हलत नाही. गॅलरीत टेबल मांडून, थर्माकोल टेकवून, त्या ताट लावायच्या, आणि बरोबर तेव्हाच दरीकडून पांढरा लोट वर यायचा. भाकरी मऊ पडायची, भाताची वाफ आणि धुकं एक व्हायचं. त्या कॅमेऱ्याला डोळा लावून ताटकळत बसायच्या. धुकं हटेपर्यंत आमटीवर साय धरलेली असायची. "उजेड नाही, नाक नाही. मी इथे करतेय तरी काय?" असं ताटाला विचारायच्या आणि पुन्हा कांदा चिरायला बसायच्या.

एका सुट्टीच्या दिवशी मी त्यांना जवळच्याच औंढ्याला घेऊन गेलो. तिथल्या एक मावशी आमच्या जुन्या ओळखीच्या. खेकड्याचं कालवण त्यांच्या हातचं खावं. मावशी चुलीपुढे बसलेल्या, त्या कॅमेरा घेऊन कोपऱ्यात दबा धरून. खोबरं भाजायला टाकलं आणि तेवढ्यात गोठ्यात म्हैस सुटली. "जरा ध्यान द्या वो ताई," म्हणत मावशी बाहेर धावल्या, त्यांच्यामागे मीही. कोपऱ्यात बसलेल्या त्यांना दारातून मावशी म्हशीला ओढून आणताना दिसल्या. ते दृश्य खरंच सुंदर होतं. त्यांनी कॅमेरा तिकडे वळवला.

मावशींनी अंगणातूनच आरोळी ठोकली. "आवं ताई, जळतंय की खोबरं! वास न्हाई येत व्हय तुमाला?"

आम्ही आत धावलो, त्या वळल्या. तव्यावर कोळसा झाला होता. मला वाटलं, काहीतरी सबब सांगतील. पण त्या चुलीपाशी बसल्या आणि म्हणाल्या, "नाही येत मावशी. नाक गेलंय माझं."

मावशींनी त्यांच्याकडे बघितलं, नाकाकडे बघितलं. "हाय की जागच्या जागी," म्हणाल्या. मग उपचार सुरू झाले. फोडलेला कांदा हुंगवला, ओवा हुंगवला, शेवटी कढत पाण्याचं पातेलं पुढ्यात ठेवून डोक्यावर गोधडी टाकली. गोधडीच्या आतून आवाज आला, "काही नाही हो मावशी." मावशींना स्वतःचाच पराभव झाल्यासारखं वाटलं. "आमच्या जावंचं कान गेलं," त्या म्हणाल्या, "तवापास्नं घरात भांडान न्हाई. गेल्याचं कायतरी चांगलं बी व्हतं." गोधडीखाली हसू फुटलं. त्या महिन्यात मी त्यांना हसताना ऐकलं ते तेवढंच.

मग एका दुपारी आमचं दार जोरात वाजलं. मी जेवायला घरी आलो होतो. दारात त्या, केस विस्कटलेले, डोळे चमकत होते. "आला! भाऊ, वास आला!"

बायकोने हात धुवायच्या आधीच त्यांना मिठी मारली. "कसला आला?"

"बघते, बघते," म्हणत त्या आमच्या स्वयंपाकघरात शिरल्या. कॉफीचा डबा उघडला, कोथिंबीर चुरडली, तूप नाकाला लावलं. प्रत्येक वेळी चेहरा थोडा थोडा बदलत गेला. शेवटी डब्याचं झाकण हातात धरून म्हणाल्या, "सगळ्याला एकच येतोय. जळक्या रबराचा."

डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, असं होतं, कदाचित परत येण्याची ही सुरुवात असेल. "सुरुवात?" त्या फोन ठेवून म्हणाल्या. "आतापर्यंत जेवणाला वास नव्हता. आता आहे तो सहन होत नाही." दोन घास खाल्ले तरी मळमळायचं. तरी रोज चूल पेटत होती, म्हणजे गॅस. नाकाला रुमाल बांधून त्या मासवडी थापायच्या. बेसनाचे हात, डोळ्यांत पाणी आणि कॅमेऱ्याचं बटण दाबायला आमची बायको.

संपादिकेचा फोन आला तेव्हाही हात पिठातच होते, म्हणून फोन स्पीकरवर होता आणि मी ओट्याशी उभा होतो.

"फोटो फारच छान आलेत," पलीकडून आवाज आला. "पण मजकुरात नेहमीच्या तुम्ही नाही दिसत. सगळीकडे रंगच रंग. भाकरी कशी दिसते ते कळतं, पण भूक लागत नाही हो."

त्यांनी बोटांवरचं पीठ परातीत निपटलं. मग म्हणाल्या, "मला वास येत नाही. वर्ष होऊन गेलं. आधी सांगायला हवं होतं."

दुसऱ्या दिवशी उलट फोन आला. संपादिका प्रेमाने बोलल्या, पण निर्णय झाला होता. फोटो यांचे ठेवायचे, मजकूर दुसरी लेखिका लिहील, पुस्तकावर नाव दोघींचं.

त्या संध्याकाळी त्या आमच्याकडे बसून होत्या. "माझं लिहिणं दुसरं कुणीतरी लिहिणार," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. रडल्या नाहीत. उशीची किनार मात्र उसवून ठेवली.

"नाही म्हणा," बायको म्हणाली.

"नाही म्हटलं तर फोटोही जातील. मावशींचा जाईल. आणि तो चांगला आलाय," त्या म्हणाल्या. "यावर्षी तेवढंच धड झालंय माझ्याकडून."

त्यांनी होकार कळवला, एका अटीवर. लिहिलेली सगळी पानं परत मागितली. दुरुस्त करून, डागडुजी करून वापरायची नाहीत. फोनवर त्यांचा आवाज जिन्यापर्यंत ऐकू येत होता, "माझ्या वाक्यांना दुसऱ्या कुणी फोडणी द्यायची नाही!"

महिना पुरा व्हायच्या आधीच त्यांनी सामान बांधलं. मी त्यांना गाडीने पुण्याला सोडणार होतो. म्हणाल्या, आधी औंढ्याला जाऊ, मावशींना फोटो द्यायचाय.

मावशी शेतावर होत्या. बांधावरच फोटो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. "ही मी व्हय? लय काळी काढलीया. म्हस ब्येस आलीय पर."

सभोवार इंद्रायणी भात फुलोऱ्यात होता. ज्यांनी तो अनुभवलाय त्यांना सांगायला नको. वारा आला की सगळं शिवार तांदूळ शिजत ठेवल्यासारखं दरवळतं. माझ्या गुळाने मेलेल्या नाकालाही ते चुकलं नाही. मावशी सवयीने म्हणाल्या, "वास घ्या की ताई," आणि लगेच तोंडावर हात ठेवला. "आगं माजे बाई! इसरलेच."

"असू दे मावशी."

मी काहीतरी सांगायला तोंड उघडलं. त्यांनी हात वर केला. "नको भाऊ. तुमच्या चेहऱ्यावरून कळलं. आता मला नुसतं बघू द्या."

कॅमेऱ्याची पिशवी गाडीतच होती. त्यांनी ती मागितली नाही. चपला काढून त्या चिखलाच्या बांधावरून आत, पार मधोमध गेल्या आणि दोन्ही बाजूंच्या लोंब्या अंगाला घासत असताना पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. मावशी आणि मी बांधावरच थांबलो. वारा सुटला की भात त्यांच्याकडे झुकायचा आणि पुन्हा उभा राहायचा.

परत आल्या तेव्हा निळ्या बाहीवर भातफुलांचे बारीक पांढरे कण चिकटले होते. गाडीत त्यांनी तो हात मांडीवर जपून, न हलवता ठेवला होता. पुण्यात घरासमोर उतरल्या, वळून निघाल्या, तेव्हाही ते कण तसेच होते. त्यांनी झटकले नव्हते.