अहो, या लवकर, आलं!

आमच्या गल्लीत कुणी नुसतं ‘आलं’ म्हणालं आणि समोरच्यानं ‘काय आलं?’ असं विचारलं, तर समोरचा पाहुणा आहे हे लगेच ओळखावं. आलं म्हणजे पाणी. दुसऱ्या कशाची आम्ही एवढी वाट बघत नाही. छावणीच्या मागच्या अंगाला आमची गल्ली. नळाला पाणी आठवड्यानं येणार की त्याहून उशिरा, सकाळी की भर दुपारी, ते त्या नळालाच ठाऊक. आणि नळाच्या मनातलं ओळखणारा एकच माणूस गल्लीत होता, तो म्हणजे सांडूकाका.

सांडूकाका वाळूजच्या एका कारखान्यात फिटर होते. ते निवृत्त झाले आणि त्यांच्या घराचं काही खरं राहिलं नाही. दाराची कडी गच्चीवरून दोरी ओढून उघडायची. कुलरला जुन्या सायकलचं चाक लागलं. उंदीर पिंजऱ्यात शिरला की स्वयंपाकघरात घंटा वाजायची, कधी कधी उंदीर नसतानाही वाजायची. त्यांची अर्धी यंत्रं चालायची आणि उरलेली अर्धी त्यांच्या बायकोला, कडूमावशींना, चालवावी लागायची. “ह्या घरात न बिघडणारी मशीन एकच, ती म्हंजी मी,” असं मावशी येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायच्या.

दोघांची नावंसुद्धा एक युक्तीच होती. काकांच्या आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून आजीनं ह्यांना जन्मल्या जन्मल्या उकिरड्यावर ठेवलं आणि परत उचलून आणलं. सांडलेलं पोर, त्याला मरण कशाला हात लावील? मावशींच्या घरीही तीच कथा. कडू म्हटल्यावर तोंडात घेतलं तरी मरण थुंकून टाकील, असा त्यांच्या आईचा विश्वास. काका बुद्धविहारात जाणारे, असल्या गोष्टी न मानणारे. पण हे सांगताना त्यांचे डोळे चमकायचे. “मरणाला फशिवायचं डिझाईन हाय हे. बिगर बॅटरीचं!”

नळाला पाणी यायच्या आधी हवा येते. नळ खोकतो, फुसफुसतो आणि मग ओला होतो. काकांनी ते खोकणं पकडलं. मोरीतल्या नळाच्या तोंडाशी फुग्याच्या रबराचा पडदा बसवला, पडद्याला तार जोडली आणि तारेच्या टोकाला बोलणाऱ्या बाहुलीच्या पोटातली चकती. हवा आली की पडदा हलणार आणि चकती बोलणार. आवाज कुणाचा, तर मावशींचा. मावशी आधी लाजल्या, मग चिडल्या आणि शेवटी पिठाच्या हातांनी उठून चकतीसमोर ओरडल्या, “अहो, या लवकर, आलं!”

त्या हाकेवर सगळी गल्ली चालू लागली. शेजारच्या रईसाभाभी “कडूआपा बुला रही, चलो चलो!” म्हणत बादल्या काढायच्या. घाई नसायची ती एकट्या काकांना. टाकी भरली की पाणी आपोआप बंद करणारा गोळाही त्यांनीच बसवला होता. त्यामुळे हाक आली की ते गच्चीवरून “येतो गं” म्हणायचे आणि हातातलं काम संपवूनच खाली यायचे.

गेल्या उन्हाळ्यातली ती दुपार माझ्या कानांतून जात नाही. मी आमच्या गच्चीवर वाळलेले कपडे काढत होते. पलीकडच्या गच्चीवर काका कुलरशी झटत होते. खालून मावशींचा आवाज आला, “अहो, या लवकर!” काका म्हणाले, “येतो गं, एवढा स्क्रू बसवतो.” गल्लीत दोन-चार घरांत नळ उघडल्याचा आवाज झाला. रईसाभाभींची बादली वाजली. मग कुणीतरी वैतागून म्हणालं, “अरे, कुठं आलंय?”

काका खाली गेले तेव्हा नळ कोरडा होता आणि मावशी मोरीपाशी पडलेल्या होत्या. एक हात भिंतीला टेकलेला. छातीत कळ आली असावी, असं डॉक्टर म्हणाले. थोडं आधी आणलं असतं तर, असंही म्हणाले. हे असलं वाक्य लोक का बोलतात, मला कळत नाही.

त्या हाकेत ‘आलं’ नव्हतं. मशीनच्या हाकेत ते असायचं. फरक एवढाच होता आणि तो जिना उतरताना काकांच्या लक्षात आला होता. माझ्याशी ते एवढंच एकदा बोलले.

यंत्र मात्र त्यांनी काढलं नाही. पाणी येईल तेव्हा मावशी हाक मारायच्या आणि काका असतील तिथून धावत सुटायचे. हातातली पक्कड टाकून, चपला न घालता, ताट सोडून. मशीन आहे हे त्यांना आमच्यापेक्षा जास्त माहीत होतं. तरी पळायचे. पावसाळ्यात एकदा जिन्यावरून घसरले, गुडघा फुटला, आणि लंगडत मोरीपर्यंत गेलेच. रईसाभाभींनी त्या हाकेवर बादली काढणं सोडलं. म्हणाल्या, “मेरेको डर लगता.” मलाही भीती वाटते, खोटं कशाला बोलू?

त्यात चकतीचे सेल उतरले. सेल उतरले की मशीन बोलण्याचं शेपूट तोडते, हे काकांनीच मला सांगितलं होतं. आता ती म्हणू लागली, “अहो, या लवकर!” आणि पुढे काही नाही. त्या दुपारसारखंच, अगदी तसंच. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हातातली कळशी खाली ठेवून भिंतीला टेकून उभी राहिले.

त्यांची मुलगी मोनाली सोयगावला दिलेली. मीच तिला फोन केला. एखाद्या दिवशी म्हातारा जिन्यावरून पडून मरेल, असं स्पष्ट सांगितलं. ती दुसऱ्याच दिवशी आली. यंत्र काढायचंच, असं ठरवून आली होती. पण मोरीत गेली, आईच्या आवाजाच्या त्या चकतीवर हात ठेवला आणि तिच्यानं तार ओढवेना. मग तिनं पर्समधून नवे सेल काढले.

“बाबा, निदान हे तरी टाका. आई पूर्ण बोलंल. मग मशीन हाय हे तुमाला कळंल, पळावं लागायचं नाय.”

काकांनी सेल तिच्या हातात परत ठेवले.

“नको बाई. पुरं बोलली की मी परत वरच बसंन.”

मोनाली रडली. मग डोळे पुसून तिनं, मी आणि रईसाभाभींनी गच्चीवरचं सगळं खाली आणलं: पान्ह्यांची पेटी, तारांची भेंडोळी, कुलरचं चाक. काकांची बाजही मोरीच्या दाराला लागून टाकली. गच्ची रिकामी झाली तेव्हा काकांनी वरच्या दाराला आपणहून कुलूप लावलं.

परवा दुपारी मी त्यांना चहा द्यायला गेले होते. काका बाजेवर बसून पक्कड पुसत होते. नळ खोकला. पडदा हलला. आवाज आता खोल गेलाय, खरखर जास्त आणि शब्द कमी.

“अहो, या...”

मी कप घट्ट धरला. काकांनी पक्कड बाजूला ठेवली, मोरीच्या उंबऱ्याशी गेले, खाली बसले आणि भिंतीवर, मावशींचा हात जिथं टेकला होता तिथं, आपला हात ठेवला.

“आलो,” ते म्हणाले. “आलो गं.”