माय कप घेऊन उठली
राखेनं भांडी घासल्याचा वास आला की मला तिगाव स्टेशनाबाहेरचं एक चहाचं हॉटेल आठवतं. त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशीची गोष्ट. आम्हा बौद्धांचे कप तिथे वेगळे, दाराबाहेर ठेवलेले. चहा प्यायचा आणि राखेनं कप आपणच घासायचा. मी तहसिलीत अर्ज दिला. साहेब चौकशीला आले त्या दिवशी मालकानं ते कप लपवले आणि संत्र्यांच्या पेट्या भरून आलेल्या माझ्या मायला चक्क आत बाकावर बसवून सगळ्यांसारखा चहा दिला. “यहाँ तो सब बराबर है,” म्हणत साहेब तसं लिहूही लागले. माझं तोंडच उतरलं. तेवढ्यात चहा संपवून माय सवयीनं उठली, बाहेर राखेपाशी बसली आणि कप घासू लागली. “बाई, ये क्या?” साहेबांनी विचारलं. “कप धुऊन राहिली जी. आमाले तं रोजच धुवा लागते.” साहेबांनी बाकावर पडलेले बाकीच्यांचे उष्टे कप पाहिले, मालकाकडे पाहिलं आणि लिहिलेलं सगळं खोडलं. दुसऱ्या दिवसापासून मालक आमचेही कप विसळू लागला. आजही हॉटेलात चहा प्यायलो की उष्टा कप तसाच सोडून मी ऐटीत उठतो. घरी एकदा तसं करून पाहिलं, तर बायको म्हणाली, “हे काय हॉटेल हाये जी? धुवा!” धुतला, हसत हसत.