माहिती गुप्त राहील

शिळफाट्याच्या चहाच्या टपरीवर ते सर्वेक्षणवाले साहेब मला नेहमी भेटतात. चहाचे पैसे मोबाइलवरून देताना पिन तळहाताआड टाकतात. पगार विचारला की नुसते हसतात.

परवा सरकारी अभ्यासासाठी मुलांची माहिती घ्यायला ते आमच्या गावच्या शाळेत आले. पोराला सोडायला गेलेलो मी वर्गाच्या दाराशीच होतो. भर वर्गात म्हणाले, "माहिती गुप्त राहील. ज्यांचे वडील दारू पितात, त्यांनी हात वर करा."

एकाच मुलीचा हात वर गेला. तिचं नाव मी लिहिणार नाही. पोरांनी चिडवल्यापासून ती शाळेत येत नाही.

आज टपरीवर मी मोठ्यानं विचारलं, "साहेब, तुमचे वडील पितात का?"

"हळू बोल रं, लोकं ऐकतायत!"

"मग बोलू नका. नुसता हात वर करा."