सुनंदाच्या घमेल्यातली मेथी

हे आजवर माझ्या तोंडून निघालेलं नाही. नवऱ्यापाशी नाही, देवापाशी तर मुळीच नाही. आता तुम्हाला सांगते — पण रडून दाखवणार नाही, तेवढं आधीच ऐकून ठेवा.

जालन्यात एमआयडीसीच्या रस्त्याला बियाण्याचं एक रिकामं गोदाम होतं. तिथं आम्ही काही जणांनी कलाघर सुरू केलंय. रविवारी ज्याला जे येतं त्यानं ते शिकवायचं — कुणी गोधडी, कुणी हलगी. मी कागदाच्या लगद्याचं काम शिकवते, आईकडून घेतलेलं. लोक म्हणतात, अक्कांच्या हाताला गुण आहे. म्हणू द्या.

सुनंदा माझी धाकटी जाऊ. तिला कलाघरात मीच आणलं, हौसेनं. आणि पहिल्याच रविवारी तिनं लगद्यातून मुखवट्याचं असं एक नाक काढलं — काय सांगू! मला जे जमायला वर्षं लागली, ते तिनं गप्पा मारता मारता केलं. सगळे माझं टेबल सोडून तिच्याभोवती. माझ्या पोटात दुखलं. दुसरा शब्द नाही त्याला.

तिला घरच्या महालक्ष्म्यांचे मुखवटे करायचे होते. पितळी होतेच, पण तिला आपल्या हातचे बसवायचे होते. आत्याबाईंनी, म्हणजे आमच्या सासूबाईंनी, कुरकुरत का होईना, होकार दिला होता.

लगद्यात मेथी वाटून घालावी लागते. कडू असते, म्हणून कागदाला कसर-कीड लागत नाही. त्या रविवारी मी वाटलेली मेथी प्रत्येकाच्या घमेल्यात टाकत फिरले. सुनंदा पाणी आणायला गेली होती. तिच्या घमेल्यापाशी आले — आणि पुढं गेले. विसरले? नाही हो. ती पळवाट तुम्हाला हवी असेल, मला नको.

ती आली. "अक्का, माझ्यात टाकली का मेथी?"

"टाकली."

पहिल्या वर्षी तिच्या महालक्ष्म्या बघायला सगळी गल्ली लोटली. मग मुखवटे पेटीत गेले. पुढच्या भाद्रपदात ऐन महालक्ष्म्या यायच्या दिवशी पेटी उघडली, तर ज्येष्ठेचा गाल पोखरलेला, कनिष्ठेला ओठच नाहीत. सुनंदा पेटीतला भुगा ओंजळीत गोळा करायला लागली. जमलेल्या बायकांसमोर आत्याबाई म्हणाल्या, "म्या तवाच म्हणलं व्हतं, बिलकुल नको. हिच्या हाताला बरकतच न्हाई."

तेव्हा बोलता आलं असतं — एकच वाक्य. मी काय केलं? माळ्यावर चढून पितळी मुखवटे काढले. आणि खरं सांगू? बरं वाटत होतं.

तिनं माझं काय वाकडं केलं होतं? काहीच नाही. सासरचा जाच, मारून टाकलेली हौस — असली कारणं माझ्याकडे शोधू नका. माझं छान चाललं होतं. मला तिचं चांगलं बघवलं नाही, बस. आणि असं कुणाच्याच मनात येत नाही, असं माझ्यासमोर म्हणू नका.

सुनंदा कलाघरात परत आली नाही. महालक्ष्म्यांच्या दिवसांत पुरणावरणाचं सगळं तीच बघते. मुखवट्यांना मात्र शिवत नाही. "अक्का, तुमीच बसवा. माझा हात नको लागायला," म्हणते आणि दोन्ही हात पदराखाली घेऊन मागं सरते.

आणि मी बसवते. यंदाही मीच बसवल्या.