चिठ्ठीवरचं माप

आमच्या गल्लीत कपडे शिवणाऱ्या बाईंना सगळे टाचणीमावशी म्हणतात. काम करताना त्यांच्या ओठांत चार-पाच टाचण्या धरलेल्या असतात आणि त्या तशाच बोलतात. "देवानं तोंड दिलं ते टाचण्या ठेवायला, जीभ आपली वर फुकट मिळाली," असं त्यांचं म्हणणं. रविवारी चर्चमध्ये त्या माझ्या पुढच्या बाकावर असतात. पाळकसाहेबांनी पुढे येऊन देवानं आयुष्यात काय केलं त्याची साक्ष द्या म्हटलं, की नेमके त्यांचे गुडघे धरतात.

त्यांची साक्ष मला ठाऊक आहे. एकदा जुना कोट उसवता उसवता त्यांनीच सांगितली. तरुणपणी लोक त्यांच्याकडे मंतरलेल्या चिठ्ठ्या आणायचे आणि मावशी त्या कपड्यांच्या अस्तरात शिवून द्यायच्या. नजर लागू नये, नवरा परतावा, दुखणं हटावं.

"मेणानं बंद केलेल्या असायच्या," मावशी म्हणाल्या. "आत काय लिहिलंय ते मी कधी पाहिलं नाही. शिंप्यानं अस्तराच्या आतलं विचारू नये, असं म्हणायची मी. मोठी शहाणी."

मग त्यांच्या सख्ख्या बहिणीनं तान्ह्या बाळाच्या टोपीत तशीच एक शिवून घेतली. बाळाला ताप चढला. टोपी आहे ना, म्हणून बहीण तीन दिवस थांबली. चौथ्या दिवशी थांबायला काही उरलं नाही. तेव्हापासून मावशी कुठलंही अस्तर बंद करण्याआधी बोटांनी इंच इंच चाचपतात.

हे सगळं माहीत असूनही मी तोडगे देणाऱ्या एका माणसाकडे गेले.

माझी लेक बारा वर्षांची आहे. वर्षभरापासून तिला झटके येतात. गोळ्यांनी त्यांच्यातलं अंतर वाढलं, पण ते थांबले नाहीत. शाळेतून फोन आला की मी हातातलं टाकून धावायचे. ऑफिसातली मैत्रीण म्हणाली, "एकदा दाखवून तर बघ. चर्च काय पळून जातंय?"

तिथे धूर नाही, कवट्या नाहीत. स्वच्छ खोली, टेबल, इस्त्रीचा शर्ट घातलेला मृदू बोलणारा माणूस. मी तोंड उघडण्याआधीच तो म्हणाला, "मुलगी डाव्या कुशीवर झोपते." खरंच झोपते. त्यानं आकडे लिहिलेला एक कागद दिला. "अंगावरच्या कपड्यात शिवा. आणि गोळ्या बंद करा. दोन्ही डगरींवर हात ठेवलात तर काहीच लागू पडणार नाही."

आमच्या ह्यांना मी सांगितलं नाही. कागद लेकीच्या नव्या जाकिटाच्या कापडात दडवला, जाकीट शिवून आलं की आपल्या हातानं आत टाकू म्हणून. गोळ्यांच्या डबीत तशाच दिसणाऱ्या ताकदीच्या गोळ्या भरल्या. माझ्या हातून हे इतक्या सफाईनं झालं, की त्याचीच आता भीती वाटते.

दुसऱ्या दिवशी मी घरी येण्याआधीच ह्यांनी ते कापड मावशींकडे नेऊन टाकलं होतं. "जाता जाता दिलं," म्हणाले. कागदाचं विचारायला माझी जीभ उचलेना. दोन दिवस लेक गप्प गप्प होती, बोलता बोलता मध्येच थांबायची. मी स्वतःला सांगत होते, झोप झाली नसेल.

चौथ्या दिवशी संध्याकाळी मावशींचा निरोप आला. लेकीला घेऊन गेले. जाकीट तिच्या अंगात घातलं आणि बघतच राहिले. खांद्यापासून मनगटापर्यंत कुठे सुरकुती नाही.

"माप तर दिलंच नव्हतं," मी म्हणाले.

"असं कसं? कापडात चिठ्ठी होती की." मावशींनी टाचणी काढून कागद पुढे केला. तीन ओळी, नऊ आकडे. "वरची ओळ बघ. जाकिटाची उंची तेवीस इंच, छाती अठ्ठावीस, बाही एकवीस. खालच्या ओळी दुसऱ्या कपड्यांच्या असतील म्हणून सोडल्या. तुझ्या ह्यांचं अक्षर बरं आहे हो."

तोच कागद. एका क्षणात मला वाटलं, हा कौल आहे. त्या आकड्यांना माझी लेक ठाऊक आहे. मी रडत सगळं सांगून टाकलं, जवळजवळ आनंदानं.

मावशींचा चेहरा दगडासारखा झाला. "म्हणजे त्या मेणाच्या चिठ्ठ्यांत असलं काहीतरी असायचं तर," त्या हळूच म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "अगं, बारा वर्षांच्या पोरीचं माप दुसरं किती असणार? शिकलेली ना तू? गोळ्या चालू आहेत ना?"

मी लेकीच्या जाकिटाचं बटण लावू लागले.

"आई, दिवा हलतोय," लेक म्हणाली. दिवा हलत नव्हता. ती त्या नव्या जाकिटात उभ्या उभ्या खाली कोसळली.

मावशींनी तिला कुशीवर वळवलं, डोक्याखाली कापडाचा गठ्ठा सरकवला, मशीन पायानं दूर ढकललं. झटका थांबला आणि लगेच दुसरा आला. दवाखान्याकडे जाताना गाडीत लेकीचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि मी पुटपुटत होते, प्रभू, हिला वाचव, मी महिनाभर उपास करीन, मी अमुक करीन.

"त्याच्याशीही तोडगा करतेस का?" मावशी म्हणाल्या. "तो मुठीत यायचा नाही. आपण त्याच्या हातात आहोत, तेवढं म्हण आणि गप्प बस."

"आणि तिला काही झालं तर?"

"तरीही. मला हे शिकायला एक बाळ लागलं, बाई."

हे धावतच दवाखान्यात आले. डॉक्टरांनी विचारलं, "गोळ्या चुकल्या होत्या का?"

"एकही नाही," हे म्हणाले. "ही स्वतःच्या हातानं देते."

मावशी खाली बघत होत्या. मी ह्यांच्या म्हणण्याला मान डोलावली असती तर त्या कुणाला सांगणाऱ्या नव्हत्या.

"चार दिवसांपासून एकही दिलेली नाही," मी म्हणाले. "मी बदलल्या."

डॉक्टर भरभर काहीतरी लिहून आत गेले. लेक अजून शुद्धीवर आलेली नाही. सकाळपर्यंत येईल, बहुतेक, असं ते म्हणतात. पलंगाच्या पलीकडे हे बसलेत. मी जवळ गेले की उठून खिडकीशी जातात. मी देवाला उपास-नवस काहीही कबूल केलेलं नाही. तिचा श्वास मोजत बसले आहे, आणि दोन श्वासांमधली जागा फार मोठी वाटते.