कंट्रोलचा आकडा

आज सकाळी लॅबच्या स्क्रीनवर लाल रेघ आली आणि शुगरचे सगळे रिपोर्ट अडकले. मशीन तपासायला कंट्रोलची बाटली लावतात; तिच्यातल्या साखरेचा आकडा आम्हाला आधीच ठाऊक असतो. मशीनने तोच चुकीचा मोजला, की कॉम्प्युटर एकही रिपोर्ट बाहेर सोडत नाही. दाराशी माणसं कुरकुरत होती. नवी बाटली काढायला मी फ्रिज उघडला, गार काच बोटांना लागली आणि टाकवे गावची मावशी आठवली.

तेव्हा कॉम्प्युटर नव्हता, कंट्रोलचा आकडा रजिस्टरमध्ये हाताने लिहीत असू. त्या दिवशी गर्दी होती. मी कंट्रोल लावलाच नाही. कालचा आकडा जरासा बदलून लिहिला. घाईच्या दिवशी आम्ही सगळेच तसं करायचो. अक्षर मात्र माझं सुरेख होतं.

दुपारी मावशी रिपोर्ट घेऊन खिडकीशी आली.

"बाई, साखर लय निगाली म्हनं. डाक्टर गोळ्या देत्यात. पन मला तर काय बी होत न्हाई. मशीन तपासलं व्हतं न्हवं?"

मी एरवी शहरातलं बोलते. तिला मात्र तिच्याच बोलीत म्हणाले, "व्हय मावशी."

तिचा चेहरा निवळला. कागदाची घडी कमरेला खोचून ती गोळ्या घ्यायला गेली.

तिची साखर खरंच वाढलेली असेलही. मला ते कधीच कळलं नाही.

आज नव्या बाटलीचा आकडा बरोबर आला, लाल रेघ गेली, रिपोर्ट सुटले. तरी मी कंट्रोल पुन्हा एकदा लावला.